खोटे तिकीट, चोरलेला फोटो आणि मोहर्लीचे गेट

प्रश्न : मोहर्लीत आमचा छोटा होमस्टे आहे. सुट्ट्यांच्या दिवसांत एखादे तरी कुटुंब असे येते की सफारीचे पैसे त्यांनी इंटरनेटवर भरलेले असतात, हातात तिकीट असते आणि गेटवर ते खोटे निघते. अशाच एका संकेतस्थळावर मी काढलेला वाघिणीचा फोटोही मला सापडला. सरकार ही संकेतस्थळे बंद का करत नाही? पाहुण्यांचे पैसे परत मिळतात का? आणि वाघ सरकारी जंगलातला, तर त्याच्या फोटोवर माझा हक्क पोहोचतो का?
– एक वाचक, मोहर्ली, जि. चंद्रपूर

उत्तर : तुम्ही तीन प्रश्न विचारले आहेत, पण त्यांची गाठ एकच आहे. खोट्या संकेतस्थळाने दोन चोऱ्या केल्या आहेत. पाहुण्यांचे पैसे नेले आणि तुमचा फोटो नेला. आपले लक्ष साहजिकच पैशांकडे जाते. पण असे संकेतस्थळ लवकर हलवायचे असेल, तर फोटोची चोरी हा जास्त उपयोगाचा धागा आहे. तो कसा, हे क्रमाने पाहू.

आधी एक घोळ दूर करू. मोहर्लीचे गेट ज्या ताडोबा व्याघ्र प्रकल्पाचे, त्याच्या बुकिंगमधील घोटाळा म्हटले की अनेकांना २०२३ चे प्रकरण आठवते. ऑनलाइन बुकिंगचे काम ज्या खासगी कंपनीकडे दिले होते, तिने व्याघ्र प्रकल्पाच्या प्रतिष्ठानचे सुमारे १२ कोटी १५ लाख रुपये भरले नाहीत, अशी तक्रार त्या वर्षी ऑगस्टमध्ये चंद्रपूरच्या रामनगर पोलीस ठाण्यात दाखल झाली. तो वाद प्रतिष्ठान आणि त्यानेच नेमलेली कंपनी यांच्यातल्या हिशेबाचा होता. तुमच्या पाहुण्यांना फसवणाऱ्यांना तर कोणीच नेमलेले नाही. तेव्हा एका प्रकरणाचा राग दुसऱ्यावर काढून उपयोग नाही. मात्र त्या प्रकरणानंतर बुकिंग वनविभागाच्या सरकारी पत्त्यावर गेले. हा बदल आपल्या कामाचा आहे. त्याकडे पुढे येऊच.

आता खोटे संकेतस्थळ कसे उभे राहते ते पाहू. इंटरनेटवर नाव नोंदवायला फार पैसे लागत नाहीत आणि वेळही लागत नाही. ‘ताडोबा’, ‘सफारी’, ‘ऑनलाइन’, ‘बुकिंग’ हे शब्द कसेही जोडून कोणालाही नाव घेता येते. ते देताना ‘वनविभागाशी तुमचा संबंध काय’ असे कोणी विचारत नाही. नंतर जाहिरातीचे पैसे भरले की शोधाच्या निकालात ते सर्वांत वर दिसते. तिथे ‘स्पॉन्सर्ड’ असे लहान अक्षरांत लिहिलेले असते, पण घाईत ते वाचायचे राहून जाते. म्हणून ‘सर्वांत वर आले म्हणजे खरे’ हा पहिला गैरसमज सोडून द्यायला हवा. वरची जागा विकत मिळते.

दुसरा गैरसमज पत्त्याशेजारच्या कुलपाच्या चिन्हाचा. ते दिसले की लोक निर्धास्त होतात. त्या चिन्हाचा अर्थ एवढाच की तुमचा फोन आणि ते संकेतस्थळ यांच्यातली माहिती वाटेत कोणाला वाचता येणार नाही. पेटीला कुलूप आहे म्हणून पेटीचा मालक प्रामाणिक ठरत नाही, तसेच हे. तिकिटावरच्या क्यूआर कोडचेही तेच. असा कोड फोनवर कोणालाही फुकट बनवता येतो. तिकीट खरे की खोटे हे वनविभागाच्या नोंदीवरून ठरते, कागदावरून नाही. म्हणूनच ते गेटवर उघडे पडते, तेही पहाटे, सगळे कुटुंब जिप्सीत बसायला निघाले असताना.

मग ओळखायचे कशावरून? पत्त्याच्या शेवटावरून. ‘डॉट कॉम’, ‘डॉट इन’, ‘डॉट ऑर्ग’ हे शेवट कोणालाही मिळतात. ‘डॉट गव्ह डॉट इन’ हा शेवट फक्त सरकारी कार्यालयांना मिळतो. ताडोबाचे बुकिंग ‘मायताडोबा डॉट महाफॉरेस्ट डॉट गव्ह डॉट इन’ या पत्त्यावर होते. पत्ता वाचताना सुरुवातीचे ‘https://’ सोडून पहिल्या तिरप्या रेघेपर्यंत जायचे आणि तिच्या लगेच आधी काय आहे ते पाहायचे. ‘गव्ह’ हा शब्द नावाच्या मधे कुठेतरी घुसवलेला असेल, तर तो धरू नये.

सरकार ही संकेतस्थळे एका आदेशाने बंद का करत नाही? माहिती तंत्रज्ञान कायद्यातले कलम ६९अ सरकारला संकेतस्थळ रोखण्याचा अधिकार देते, पण तो देशाची सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था अशा ठरावीक कारणांपुरता आहे. फसवणुकीच्या प्रकरणात पोलिसांना नाव नोंदवणाऱ्या, संकेतस्थळाला जागा (होस्टिंग) पुरवणाऱ्या आणि जाहिरात दाखवणाऱ्या कंपन्यांकडे नोटिसा पाठवाव्या लागतात. या कंपन्या अनेकदा परदेशात असतात आणि मालकाचे नाव झाकलेले असते. शिवाय एक नाव बंद पडले की शब्दांची अदलाबदल करून दुसरे उभे राहते. सरकारचे रोखण्याचे अधिकार मर्यादित आहेत, याला कारणही आहे. मनाला येईल ते संकेतस्थळ बंद करण्याची मुभा असती, तर ती कोणावर वापरली जाईल याचा भरवसा राहिला नसता. पण या सावधपणामुळे वेळ जातो आणि तेवढ्या वेळात आणखी कुटुंबे फसतात, हेही खरे.

इथेच तुमचा फोटो कामी येतो. भारताच्या प्रताधिकार कायद्यानुसार, म्हणजे १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार, छायाचित्राचा कर्ता म्हणजे ते काढणारी व्यक्ती. वाघ कोणाच्या जंगलातला, जिप्सी कोणाची, गेट कोणते याने त्यात फरक पडत नाही. नोकरीचा भाग म्हणून किंवा कोणी पैसे देऊन सांगितले म्हणून काढलेल्या फोटोंचा नियम वेगळा आहे, पण हौसेने काढलेला फोटो तुमचाच. हा हक्क फोटो काढला त्याच क्षणी मिळतो. नोंदणीची सक्ती नाही आणि फोटोवर नाव छापलेले असण्याचीही अट नाही. तो छायाचित्रकाराच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून पुढे ६० वर्षे टिकतो. ‘गुगलवर होता, म्हणजे फुकट होता’ हा तिसरा गैरसमज. शोधयंत्र फोटो कुठे आहे ते दाखवते, वापरायची परवानगी देत नाही. याच न्यायाने पाहुण्यांनी व्हॉट्सॲपवर पाठवलेले फोटो तुमच्या होमस्टेच्या जाहिरातीत टाकण्याआधी तुम्हीही त्यांना विचारायला हवे.

फसवणूक सिद्ध करायला तपास लागतो. फोटो तुमचा आहे हे दाखवायला मात्र मूळ फाइल बरीचशी पुरते. कॅमेऱ्यातल्या किंवा फोनमधल्या मूळ फाइलमध्ये तारीख, वेळ आणि कॅमेऱ्याची माहिती असते. व्हॉट्सॲपवरून फिरलेल्या प्रतीत ती सहसा उरत नाही, म्हणून मूळ फाइल पुसू नका. मग संकेतस्थळाला जागा देणाऱ्या कंपनीकडे आणि शोधयंत्राकडे लेखी तक्रार करा. तीत तुमचा मूळ फोटो, चोरलेल्या फोटोचा नेमका पत्ता आणि ‘मी परवानगी दिलेली नाही’ असे निवेदन हवे. २०१३ च्या प्रताधिकार नियमांनुसार, दुवे किंवा प्रवेश पुरवणाऱ्या मध्यस्थाने अशी तक्रार मिळाल्यावर तिची खात्री पटल्यास ३६ तासांत तो मजकूर रोखायचा असतो. २१ दिवसांत न्यायालयाचा आदेश आला नाही, तर तो पुन्हा खुला करता येतो. म्हणून एवढ्यावर सगळे संपत नाही. पण गर्दीच्या हंगामात तेवढे दिवस मिळाले तरी अनेक कुटुंबे वाचतात.

आता पाहुण्यांच्या पैशांकडे वळू. तिथे सगळा खेळ वेळेचा आहे. फसवणूक कळताच १९३० या क्रमांकावर फोन करायचा किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवायची. त्यावरून पैसे ज्या खात्यात गेले त्या बँकेला कळवले जाते आणि खात्यात शिल्लक असलेली रक्कम अडवून ठेवता येते. पुढे न्यायालयाच्या आदेशाने ती मूळ मालकाला मिळू शकते. पण फसवणारे पैसे एका खात्यात ठेवत नाहीत. कमिशनवर घेतलेल्या दुसऱ्यांच्या खात्यांतून ते पुढे ढकलत शेवटी रोख काढतात. जे काढून झाले, ते अडवता येत नाही. म्हणून ‘आधी सफारीचे बघू, तक्रार घरी जाऊन करू’ हा विचार महागात पडतो.

इथे चौथा गैरसमज आड येतो. ‘तीन दिवसांत बँकेला कळवले की बँक पैसे भरून देते’ असे लोक म्हणतात. रिझर्व्ह बँकेचा २०१७ चा तो नियम ग्राहकाच्या संमतीशिवाय झालेल्या व्यवहारांसाठी आहे. पाहुण्यांनी स्वतः पिन टाकून पैसे पाठवले असतील, तर त्यावर विसंबता येत नाही. आणखी एक सावधगिरी सांगतो. तक्रारीनंतर ‘पैसे परत देतो, हा कोड स्कॅन करून पिन टाका’ असा फोन येऊ शकतो. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. पिन मागितला की समजावे, ही दुसरी फसवणूक आहे.

पाहुणे पुण्याचे, खाते दुसऱ्या राज्यातले आणि फसवणूक कळली मोहर्लीत, मग तक्रार कुठे करायची? कुठेही. हद्दीचे कारण सांगून पोलिसांना तक्रार नाकारता येत नाही. शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवून तो योग्य ठाण्याकडे पाठवला जातो. माहिती तंत्रज्ञान कायद्याखालचा तपास निरीक्षक किंवा त्यावरच्या अधिकाऱ्याने करायचा असतो. त्यामुळे प्रकरण सायबर पोलिसांकडे गेले, तर ती टाळाटाळ समजू नये. दुसऱ्याचे सोंग घेऊन संगणकाद्वारे फसवल्यास या कायद्याच्या कलम ६६ड खाली ३ वर्षांपर्यंत कैद आहे. नव्या भारतीय न्याय संहितेत फसवून पैसे उकळण्याला ७ वर्षांपर्यंत शिक्षा आहे.

तुमच्या हाती काय आहे, ते शेवटी सांगतो. खोलीचे बुकिंग पक्के करताना त्याच निरोपात सरकारी पत्ता आणि १९३० हा क्रमांक पाठवा. पाहुणे निघण्याआधी तिकिटाची प्रत मागवून ती कोणत्या पत्त्यावरून आली ते पाहा. आणि फोटोची तक्रार एकट्याने करू नका. मोहर्लीतले गाईड, जिप्सीचालक आणि इतर होमस्टेवाले यांचेही फोटो त्याच संकेतस्थळांवर असण्याची शक्यता आहे. प्रत्येक फोटो ही स्वतंत्र तक्रार होते, आणि दहा जणांच्या दहा तक्रारींकडे दुर्लक्ष करणे एका तक्रारीइतके सोपे नसते. गेटवर हिरमुसलेल्या कुटुंबाचा राग शेवटी ताडोबावर आणि मोहर्लीवरच निघतो. तेव्हा हा हक्क वापरणे म्हणजे आपल्या गावाचा रोजगार राखणेच आहे.