रंगाचा डबा न सांडता कसा ओतायचा? (प्रयोग-पाठ, इयत्ता चौथी-पाचवी)



सुट्टी लागली की बऱ्याच शाळांमध्ये बोलक्या भिंतींचं काम निघतं. लोकवर्गणीतून रंग येतो, गावातला एखादा पेंटर ओळखीखातर कमी मजुरीत यायला तयार होतो, उरलेलं काम आपण शिक्षक आणि काही हौशी पालक करतो. भिंतीवर काय काढायचं यावर भरपूर चर्चा होते. पाढे, नकाशा, बाराखडी, पाण्याचं चक्र. ज्या डब्यातून रंग येतो त्या डब्याकडे मात्र कुणी बघत नाही. आजचा पाठ त्या डब्याचा आहे.

१ लिटर ऑइल पेंटचा पत्र्याचा डबा घ्या. झाकण उचकटा आणि काठ नीट बघा. काठाला गोल फिरून एक खाच असते, छपराच्या पन्हाळीसारखी. झाकणाची कड या खाचेत दाबून बसते आणि आत हवा जात नाही. डबा महिनोन्‌महिने टिकतो तो या खाचेमुळेच.

आता तोच डबा तिरपा करून वाटीत रंग ओता. रंग आधी खाचेत उतरतो, खाचेतून दोन्ही बाजूंना पसरतो आणि मग बाहेरच्या काठावरून रुंद, वेडीवाकडी धार पडते. थोडा वाटीत, थोडा डब्याच्या अंगावरून ओघळून फरशीवर. डबा सरळ केला तरी खाच भरलेलीच राहते. त्यावर झाकण ठेवून हातोडीने ठोकलं की खाचेतला रंग पिचकारीसारखा उडतो, आणि तो नेमका कुणाच्या तरी पांढऱ्या शर्टावरच जातो. न ठोकता नुसतं झाकण टेकवलं, तर खाचेत रंग वाळून बसतो आणि पुढच्या वेळी झाकण घट्ट लागत नाही. ऑइल पेंट पाण्यासारखा नुसता उडून वाळत नाही, तो हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतो. त्यामुळे फटीतून हवा शिरली की रंगावर जाड साय धरते. वर्गणीच्या पैशातून आणलेला अर्धा डबा असा वाया जातो. आणखी एक नुकसान चटकन लक्षात येत नाही. ओघळ लेबलवर जातो आणि छटेचा नंबर झाकला जातो. भिंत अर्धी रंगवून झाल्यावर तीच छटा दुकानात मागायची कशी?

म्हणजे बघा, जी खाच झाकणासाठी उत्तम, तीच ओतण्यासाठी वाईट. एकाच काठाकडून आपण दोन कामं मागतोय. हा मुद्दा मुलांना सांगून टाकायचा नाही. डबा समोर ठेवायचा आणि इतकंच विचारायचं, "हा डबा बनवणाऱ्याने कशाचा विचार केलाय आणि कशाचा नाही?" पाचवीची मुलं पाच-दहा मिनिटांत खाचेपर्यंत पोहोचतात. न पोहोचल्यास शेजारी घरातली झारी किंवा किटली ठेवा. मग "याला तोटी आहे, त्याला नाही" हे कुणीतरी बोलतंच.

आधी थोडं विज्ञान, आपल्यासाठी

खाच नसली तरी ओघळ येतोच. पातेल्यातून कपात चहा गाळताना हे रोज दिसतं. जोरात ओतलं की धार सरळ कपात जाते. जपून, हळू ओतलं की चहा पातेल्याच्या अंगाला चिकटून खाली उतरतो आणि ओट्यावर सांडतो. जपणाऱ्याचंच सांडतं, ही यातली गंमत.

मार्कस रायनर या शास्त्रज्ञाने १९५६ मध्ये याच गोष्टीवर लिहिलं आणि तिला 'टीपॉट इफेक्ट' असं नाव मिळालं. पुढच्याच वर्षी जोसेफ केलर या गणितज्ञाने त्यामागचं कारण मांडलं. काठावरून वळताना द्रवातला दाब बाहेरच्या हवेच्या दाबापेक्षा कमी होतो, त्यामुळे हवाच त्या द्रवाला भांड्याकडे दाबून धरते. द्रव भांड्याच्या पृष्ठभागाला किती चिकटतो यावरही बरंच अवलंबून असतं, हे नंतरच्या संशोधनातून पुढे आलं. केलर आणि त्यांचे सहकारी यांना किटलीची न ठिबकणारी तोटी कशी असावी याचं गणित मांडल्याबद्दल १९९९ चा 'इग नोबेल' मिळाला. आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला हा पुरस्कार देतात. मुलांना ही माहिती फार आवडते. चहा सांडण्यावर मोठी माणसं गणित करतात, हे ऐकून वर्गातला सगळ्यात गप्प मुलगाही मान वर करतो.

आपल्या कामापुरतं यातून तीन गोष्टी घ्यायच्या. धार वेगात असेल तर काठ सोडते. काठ धारदार असेल तर द्रवाला वळून मागे जाणं अवघड जातं, गोल गुळगुळीत काठावरून तो सहज मागे वळतो. आणि द्रव ज्याला चिकटत नाही अशा पृष्ठभागावरून तो लवकर सुटतो. तिसऱ्या गोष्टीचा घरगुती उपयोग पुष्कळांच्या आज्यांना माहीत असतो. दुधाच्या भांड्याच्या काठाला बाहेरून तुपाचं बोट लावायचं, की ओघळ कमी. पण हा उपाय रंगाच्या डब्याला चालवू नका. ऑइल पेंट तेलकटच, तो तुपाला कशाला घाबरेल? शिवाय तूप रंगात गेलं तर तो रंग भिंतीवर नीट धरणार नाही. एकच युक्ती एका द्रवाला चालते आणि दुसऱ्याला का नाही, यावर दहा मिनिटं चर्चा होऊ द्या. मला तर हा पाठाचा सगळ्यात चांगला भाग वाटतो.

वर्गातला प्रयोग

मुलांच्या हातात ऑइल पेंट आणि टर्पेंटाइन द्यायचं नाही, हे आधीच सांगते. वास उग्र, पेट घेण्याचा धोका, आणि हातावरून निघता निघत नाही. त्याऐवजी मैद्याची पातळ खळ करा, त्यात थोडा खायचा रंग घाला. डब्यासाठी दूध पावडरचा वगैरे रिकामा डबा घ्या, ज्याचं झाकण चमच्याच्या दांड्याने उचकटावं लागतं. त्याला तशीच खाच असते. काठाची धार आधी बोट न लावता तपासा, पत्रा कापतो.

डब्यात अर्धा लिटर खळ घ्या. खाली ताट, ताटात पेला. प्रत्येक वेळी २०० मिली खळ पेल्यात ओतायची आणि ताटात किती सांडली ते मोजायचं. मोजायला औषधाच्या बाटलीबरोबर येणारं मापाचं टोपण उत्तम, त्यावर मिलीच्या खुणा असतात. डब्याच्या अंगावरचा ओघळ चमच्याने खरवडून तोही टोपणात घ्या. एकदा भरभर ओतायचं, एकदा हळू, आणि नंतर मुलांनी केलेली तोटी लावून. ओतणारं मूल तेच, उंची तीच, खळ तेवढीच. "बाई, त्याने वरून ओतलं म्हणून सांडलं" अशी तक्रार आली की समजा, समान अट म्हणजे काय हे मुलांना कळायला लागलंय. व्याख्या नंतर सांगितली तरी चालेल.

एकदा खळीच्या जागी साधं पाणी घेऊन बघा. पाण्याची धार पटकन तुटते. खळीची तार लांबत जाते आणि डबा सरळ केल्यावरही काठावर थेंब लोंबत राहतो. म्हणून घट्ट द्रव ओतणं थांबवताना डबा हळूहळू उभा करायचा नाही, एका झटक्यात सरळ करायचा आणि मनगट थोडं फिरवायचं. चांगला पेंटर हे न सांगता करतो. जमल्यास त्यालाच वर्गात बोलवा, मुलं त्याच्या हाताकडे बघतील.

तोटी करायची कशी

बाजारात प्लास्टिकची तयार तोटी मिळते. ती डब्याच्या काठावर बसते, खाच झाकते, पुढे चोच असते. चोचीचं टोक पातळ असल्यामुळे धार नीट कापली जाते, आणि रंग खाचेत न जाता थेट बाहेर पडतो. पण ती आणून मुलांना देऊ नका. दिली तर मुलं ती नुसती वापरतील.

प्रश्न त्यांनाच दिला की साधारण तीन उत्तरं येतात.

पहिलं उत्तर भोकांचं. खाचेच्या तळाला खिळ्याने पाच-सहा भोकं पाडायची, खाचेत आलेला रंग त्यातून परत डब्यात पडतो. पेंटर लोक हे करतात आणि ते काम करतं. झाकण लागलं की भोकं झाकणाखालीच जातात. पण यात ओघळ थांबत नाही, फक्त खाच रिकामी होते. हा फरक मुलांनी स्वतः मोजून काढावा. (खिळा-हातोडी मोठ्यांच्या हाती.)

दुसरं, बाटलीची जीभ. २ लिटरच्या थंड पेयाच्या बाटलीचा मधला भाग कापून साधारण १२ सेंमी रुंद आणि ८ सेंमी उंच तुकडा घ्यायचा. तो डब्याच्या आतून काठाला लावायचा, ३ सेंमी आत आणि ५ सेंमी वर, दोन्ही बाजूंना कपड्यांचे चिमटे. बाटलीचा गोलवा डब्याच्या गोलव्याशी बराच जुळतो. धार सुंदर पडते, मुलं टाळ्या वाजवतात, आणि मग कुणाच्या तरी लक्षात येतं की प्लास्टिक आणि पत्रा यांच्या मधल्या फटीतून खळ मागून गळतेय. इथे घाई करू नका, उत्तर सुचवू नका. माझ्या वर्गात एका गटाने चार चिमटे लावले, एकाने फटीत ओली कणीक भरली. कणकेवाला गट जिंकला, पण "खऱ्या रंगात कणीक चालेल का?" या प्रश्नावर त्यांनीच आपला उपाय रद्द केला. 'टाकाऊतून टिकाऊ' म्हणून आपण कितीतरी वस्तू करून घेतो, चमकी लावतो आणि कपाटात ठेवतो. त्यातली किती मुलांनी वापरून, मोजून, नापास केलेली असतात?

तिसरं उत्तर सगळ्यात साधं आणि बहुधा सगळ्यात शेवटी येतं. कागदी मास्किंग टेप. काठाच्या चौथ्या हिश्श्यावर, आतल्या कडेपासून बाहेरपर्यंत टेप चिकटवून खाच झाकायची आणि बाहेर आलेली टेप चिमटून तिची चोच करायची. खाच कोरडी, लेबल स्वच्छ. काम संपलं की टेप काढून टाकायची आणि मगच झाकण लावायचं. टेप तशीच ठेवून झाकण ठोकलं तर फट राहते आणि पुन्हा तीच साय.

भिंत रंगवताना

प्रत्यक्ष काम आपण मोठ्यांनीच करायचं आहे, तेव्हा हे लक्षात असू द्या. झाकण एकाच जागी जोर लावून उचकटू नका, काठ वाकतो. गोल फिरत थोडं थोडं उचला. ओतताना लेबल वरच्या बाजूला ठेवा, म्हणजे ओघळ आलाच तर तो मागच्या कोऱ्या पत्र्यावरून जाईल. झाकण लावताना वर जुनं फडकं टाका आणि लाकडाचा सपाट तुकडा ठेवून ठोका.

डबा विकत घेताना लेबलवर शिशाबद्दलचा उल्लेख वाचा. भारतात घरगुती आणि सजावटीच्या रंगात शिशाचं प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त असू नये, असा नियम २०१६ साली झाला आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे. शाळेच्या भिंतीवरचा त्याआधीचा जुना ऑइल पेंट मात्र तसा असेलच असं नाही. म्हणून पापुद्रे खरवडायचं काम मुलांना हौसेनेसुद्धा देऊ नका. ती धूळ पोटात जाणं लहान मुलांच्या मेंदूला घातक आहे. भिंत ओली करून मग खरवडा, आणि त्या दिवशी मुलांना त्या खोलीत येऊ देऊ नका.

पालकांसाठी थोडंसं. मॉन्टेसरी पद्धतीत ओतण्याचा सराव अगदी लहान वयात, आधी धान्याने आणि मग पाण्याने देतात. घरात आपण उलट करतो. "सांडशील, दे इकडे," म्हणून तांब्या हातातून काढून घेतो. चौथीतल्या मुलाला ताक वाढायला द्या. पहिले काही दिवस सांडेल, पुसायचं फडकंही त्याच्याच हातात द्या. घरातल्या कोणत्या भांड्यातून कमी सांडतं याची यादी त्याला वहीत करायला सांगा. तोटी, चोच, नळी, पन्हाळ, ओघळ, धार, तार असे शब्द त्या यादीत आपोआप येतील, आणि आजीला विचारलं तर आणखी चार मिळतील.

पाठ झाल्यावर मुलं एक प्रश्न हमखास विचारतात, तो पुढच्या तासाला घ्या. टर्पेंटाइनच्या चौकोनी डब्याचं तोंड मधोमध नसून कडेला का असतं? पाण्याने भरलेला तसा एखादा स्वच्छ प्लास्टिकचा कॅन आणा. एकदा तोंड खालच्या बाजूला ठेवून ओता, पाणी 'गडगड' करत उसळेल. मग तोंड वरच्या बाजूला येईल असा कॅन आडवा धरून ओता आणि हवा कुठून आत जाते ते मुलांना शोधू द्या.