हॉस्टेलमधलं ‘ढापणं’ आणि कलम 303

हॉस्टेलच्या डिक्शनरीत ‘चोरी’ हा शब्दच नाही. इथे वस्तू ‘ढापतात’, ‘उचलतात’, नाहीतर वस्तूंनाच ‘पाय फुटतात’. चार्जर, बादली, इयरफोन, आणि परीक्षेच्या आदल्या रात्री हमखास कॅल्क्युलेटर! कॉन्व्हेंटमध्ये आम्हांला चोरी म्हणजे पाप एवढंच शिकवलं होतं. पण पाप आणि गुन्हा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि गुन्ह्याचा हिशेब इथेच, कोर्टात होतो. म्हणून कायद्यात नेमकं काय लिहिलंय ते वाचून काढलं.

1 जुलै 2024 पासून इंडियन पीनल कोडच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. जुनी कलमं 378 आणि 379 आता 303 मध्ये आहेत. दुसऱ्याच्या ताब्यातली जंगम वस्तू, त्याच्या संमतीशिवाय, अप्रामाणिक हेतूने घेण्यासाठी जागची हलवली की चोरी झाली. नुसती हलवली तरी! कलमातच एक उदाहरण आहे. एकाला दुसऱ्याच्या घरात टेबलावर अंगठी दिसते. झडती होईल या भीतीने तो ती त्याच घरात लपवतो, थोड्या दिवसांनी येऊन विकायचं ठरवून. अंगठी घराबाहेर गेलेलीच नाही, तरी ती हलवली त्या क्षणी चोरी पूर्ण.

आता आपला सगळ्यांचा लाडका बचाव : ‘अरे, परत देणारच होतो ना!’ यावर सुप्रीम कोर्टाने 1957 सालीच निकाल दिलाय, के. एन. मेहरा खटल्यात. मेहरा हा जोधपूरच्या एअर फोर्स अकॅडमीतला कॅडेट, म्हणजे साधारण आपल्यासारखाच शिकाऊ. मे 1952 मध्ये त्याने आणि अकॅडमीतून नुकत्याच काढून टाकलेल्या दुसऱ्या कॅडेटने पहाटे परवानगीशिवाय हार्वर्ड विमान उडवलं आणि ते थेट पाकिस्तानात उतरलं. विमान कायमचं ठेवायचा इरादा नसेलही. पण कोर्ट म्हणालं, परवानगी नसताना तात्पुरता वापर करून घेणं हाही गैरमार्गाने मिळवलेला फायदाच. चोरी कायम. विमानाला जो नियम, तोच बाहेर लावलेल्या सायकलला!

मग रूममेटचं पुस्तक न विचारता वाचायला घेतलं तर आत जायचं का? नाही, घाबरू नका. कायदा इतकाही खडूस नाही. मित्राच्या लायब्ररीतून तो नसताना वाचून परत द्यायला पुस्तक नेलं, तर त्याची मूक संमती आहे असं धरलं असण्याची शक्यता आहे, आणि तसं असेल तर चोरी नाही, हेही त्याच कलमाच्या उदाहरणांत आहे. म्हणजे प्रश्न नात्याचा आणि हेतूचा. ज्याचं नावही माहीत नाही अशा मुलाच्या रूममधून चार्जर नेताना ‘मूक संमती’ म्हणणं जरा अवघडच.

शिक्षा : 303 खाली 3 वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. दुसऱ्यांदा दोषी ठरलात तर किमान 1 वर्ष, कमाल 5 वर्षं सक्तमजुरी. वस्तू 5000 रुपयांच्या आतली, गुन्हा पहिलाच आणि वस्तू किंवा तिची किंमत परत केली, तर शिक्षा म्हणून समाजसेवा. ही सोय नवी आहे. पण हॉस्टेलवाल्यांनी इथे खूश होऊ नये. राहत्या इमारतीतली किंवा सामान ठेवण्याच्या इमारतीतली चोरी कलम 305 मध्ये जाते. तिथे 7 वर्षांपर्यंत शिक्षा आहे आणि 5000 ची सवलत नाही. आपली रूम राहती जागा, लॅब सामानाची जागा. म्हणजे तीनशेची बादलीसुद्धा कागदावर 305 मध्येच!

प्रवासी वाहनातून केलेली चोरीही आता 305 मध्ये आली आहे. जुन्या कलम 380 मध्ये इमारत, तंबू आणि जहाज होतं, लोकलचा डबा नव्हता. बोरिवली-अंधेरीच्या गर्दीत मोबाइल गेला तर तक्रार लोहमार्ग पोलिसांकडे होते. पण नव्या प्रक्रिया कायद्यानुसार (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, कलम 173) दखलपात्र गुन्ह्याची खबर कुठल्याही पोलीस ठाण्यात देता येते. ‘आमची हद्द नाही’ हे उत्तर चालत नाही. फक्त कागदावर ‘हरवला’ लिहिलंय की ‘चोरीला गेला’, हे सही करण्याआधी वाचा. दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

माझ्या मते सगळ्यात जास्त फसतो तो चोर नव्हे, स्वस्तात घेणारा. बिल नाही, बॉक्स नाही, आणि वीस हजारांचा फोन चार हजारांत? चोरीचा आहे हे माहीत असून, किंवा तसं वाटायला कारण असून घेतला, तर कलम 317 लागतं : 3 वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. ‘मला काय माहीत’ म्हणाल, तर किंमतच बोलते. आणि एमएससाठी बाहेर जायची स्वप्नं बघणाऱ्यांनो, पासपोर्ट कायदा 1967 च्या कलम 6 प्रमाणे फौजदारी कोर्टात खटला चालू असेल तर पासपोर्ट नाकारता येतो. मग आधी कोर्टाची परवानगी काढा, तारखा घ्या. तोवर ॲडमिशनची मुदत थांबत नाही.

फोन घ्यायचाच असेल तर *#06# दाबा, येणारा आयएमईआय नंबर ‘केवायएम’ या इंग्रजी अक्षरांपुढे जागा सोडून लिहा आणि 14422 वर एसएमएस करा. ब्लॅकलिस्ट असं उत्तर आलं, तर फोन विकणाऱ्याच्या हातात परत द्या आणि पैसे खिशातच ठेवा.