विहिरीचा रकाना

आखाजीची घागर भरून झाली, पितरांचं पान वाढून झालं आणि तू हात पुसत फोन पुढे केलास. "मामा, हे बघा. पैसे लागत नाहीत, दहा मिनिटांत मृत्युपत्र तयार होतं. बाबांचं आजच करून टाकू." मामीनं "सणावाराला कसलं अभद्र बोलता" म्हणून तोंड फिरवलं. मला विचारशील तर याहून चांगला दिवस नाही. सकाळी ज्यांच्या नावानं पाणी दिलं, त्यातले दोघं आपल्या भावकीच्या सातबाऱ्यावर अजून जिवंतच आहेत. तिकडे भेंडवळला आज संध्याकाळी घट मांडतील, उद्या पहाटे पावसापाण्याचं सांगतील. माणूस कधी जाईल ते काही घटात दिसत नाही.

पस्तीस वर्षं मी तहसिलीच्या आवारात अर्जनवीस म्हणून टेबल मांडलं. माझ्याआधी माझे वडील त्याच लिंबाखाली बसायचे. थोडं त्यांनी शिकवलं, पुष्कळसं चुकून शिकलो. ते ऐक आणि मग फोन उघड.

त्या फुकटच्या सोयीला मी नावं ठेवत नाही. माणूस विचार करायला बसतो, हेच मोठं काम तिनं केलं. पण फोनवर जे तयार होतं तो मसुदा. मृत्युपत्र नव्हे. माहिती तंत्रज्ञानाचा २००० सालचा कायदा आहे ना, ज्यानं संगणकावरच्या कागदाला आणि सहीला मान दिला, त्याच कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात मृत्युपत्र वगळलेलं आहे. म्हणजे स्क्रीनवर बोटानं केलेली सही, आधारचा ओटीपी, ईमेलला आलेली पीडीएफ, यातलं काही चालत नाही. कागदावर छापायचं, शाईनं सही करायची. सही येत नसेल तर अंगठा. कोरा साधा कागद पुरतो, स्टँप लागत नाही. माझ्या टेबलाशी येऊन किती जणांनी "शंभराचा स्टँप आणू की पाचशेचा" विचारलं असेल, त्याची गणती नाही.

त्या रकान्यांत आधार क्रमांक आणि बँकेचे खाते क्रमांक भरू नकोस. जागा मोकळी सोड, छापल्यावर सहीच्या आधी पेनानं भर. फुकट देणाऱ्याला तुझ्या बापाची सगळी मिळकत कशाला कळायला हवी?

आता साक्षीदार. दोन लागतात. भारतीय उत्तराधिकार कायदा १९२५, कलम ६३, हे मला झोपेतून उठवून विचार. करणाऱ्यानं साक्षीदारांदेखत सही करायची, किंवा 'ही माझीच सही' असं त्यांना स्वतः सांगायचं; आणि साक्षीदारांनी त्याच्यादेखत सही करायची. मी हे एकदा सैल सोडलं. एक म्हातारा उन्हातान्हात आला होता, साक्षीदार गावी राहिले होते. मी त्याची सही घेतली आणि म्हटलं, त्या दोघांच्या सह्या तुमच्या पोराला उद्या घरी जाऊन घेऊ द्या. नऊ वर्षांनी कोर्टात त्यातल्या एकानं खरं तेच सांगितलं: म्हाताऱ्याला सही करताना मी पाहिलं नाही, आणि मी सही केली तेव्हा म्हाताराही समोर नव्हता. दुसरा तोवर वारलेला. कागद पडला. अक्षर माझं होतं, सुरेख होतं, आणि काही कामाचं नव्हतं.

तेव्हा साक्षीदार वयानं लहान घे, गावात टिकून राहणारा घे. आपला सालदार नको. पाडव्याला साल बदललं की तो कुठल्या गावी असेल सांगता येत नाही. ज्याला त्या कागदातून काही मिळणार आहे तो तर नकोच नको. दाजींच्या कागदाला तू साक्षीदार होऊ नकोस, आणि खरं तर तो टाइपही करू नकोस. ज्याचा फायदा, त्यानंच लिहिण्यात पुढाकार घेतलेला दिसला की न्यायाधीशाची भुवई वर जाते. माझ्या कागदालाही तू नको. का ते सांगतो, थांब.

हे झालं कायद्याचं. भांडणं मात्र कायद्यात होत नाहीत, वावरात होतात.

तुझ्या फोनवरचा रकाना बघ: फ्लॅट क्रमांक, इमारत, पिन कोड. पुण्याच्या माणसाचं भागलं. दाजींचं काय? तिथं लागतो गट क्रमांक, पोटहिस्सा, हेक्टर-आरमध्ये क्षेत्र, पोटखराबा किती, चारी बाजूंना कोण. आणि हे आठवून लिहायचं नसतं. आधी सातबारा आणि आठ-अ काढ, समोर ठेव, अक्षर न् अक्षर तसंच उतरव. आधारवर ज्ञानेश्वर आणि सातबाऱ्यावर ज्ञानदेव असेल तर दोन्ही नावं लिहून 'हा एकच इसम' असं स्पष्ट म्हण.

एवढं करूनही सगळ्यात मोठी गोष्ट राहते. विहीर. कुठल्याच छापील नमुन्यात मला विहिरीचा रकाना दिसला नाही. आपल्या घाटावर विहीर एका भावाच्या हिश्श्यात, पाणी तिघांचं, मोटर मधल्यानं घेतलेली आणि मीटर मेलेल्या बापाच्या नावावर. जमीन अर्धी-अर्धी लिहिली की बापाला वाटतं आपण न्याय केला. मग हरभरा पाण्यावर आला की थोरला म्हणतो, विहीर माझ्या वाट्यात. कुऱ्हाडी निघालेल्या पाहिल्यात मी. म्हणून लिही: विहीर कुठल्या गटात, कुणाचा किती हिस्सा, पाण्याची पाळी कशी, मोटर-पाइप कुणाचे, दुरुस्तीचा खर्च कसा. वरच्या वावरात बैलगाडी जायची वाट कुठून, धुऱ्यावरची आंब्याची झाडं कुणाची, कोठा कुणाचा, पीककर्ज कुणी फेडायचं. जमिनीला दोन ओळी पुरतात, पाण्याला पानभर लिही.

दाजी सगळंच्या सगळं लिहून देऊ शकत नाहीत, हेही त्यांना सांग. स्वतः कमावलेलं असेल तर पूर्ण त्यांचं. वडिलोपार्जित असेल तर त्यांचा हिस्सा तेवढाच. तुझ्या बहिणीला त्यात तुझ्याएवढाच जन्मसिद्ध हक्क आहे, ९ सप्टेंबर २००५ पासून. आणि बाप त्या दिवशी हयात असायलाच हवा का, हा वाद सर्वोच्च न्यायालयानं ११ ऑगस्ट २०२० ला मिटवला, नको म्हणून. आपल्या गावातल्या मुसलमान शेजाऱ्यांचं वेगळं: कर्ज आणि अंत्यविधीचा खर्च वजा जाता एक-तृतीयांशापुरतंच मृत्युपत्र, तेही वारसाच्याच नावे करायचं तर बाकीच्या वारसांची संमती हवी. तो नमुना त्यांना तसाच पुढे पाठवू नकोस.

"मग बक्षीसपत्रच करून टाकू का" असं तुम्ही शिकलेली पोरं पटकन म्हणता. नको. बक्षीसपत्र नोंदलं की जमीन आजच गेली. मृत्युपत्र मरेपर्यंत बदलता येतं, फाडता येतं. समोरचं ताट द्यावं, बसायचा पाट देऊ नये.

बँकेत, म्युच्युअल फंडात नॉमिनी लावलाय म्हणून निवांत राहू नका. ज्यांचं कालनिर्णय समोरच्या भिंतीवर टांगलंय ते जयंत साळगावकर. त्यांनी २०११ मध्ये मृत्युपत्र केलं होतं, २०१३ मध्ये ते गेले. मृत्युपत्रही होतं, गुंतवणुकीवर नॉमिनीही होते, आणि नॉमिनी मालक होतो का हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. डिसेंबर २०२३ मध्ये उत्तर आलं: होत नाही. नॉमिनी पैसा हातात घेतो, कुणाचा ते मृत्युपत्र किंवा वारसा कायदा ठरवतो.

नोंदणी सक्तीची नाही. तरी दुय्यम निबंधकाकडे जाऊन ती करावी, असं माझं मत. शुल्क किरकोळ आहे. माणूस अंथरुणाला खिळला असेल तर अर्ज केल्यावर अधिकारी घरीही येऊ शकतो. वय झालेलं असेल तर त्याच दिवशीचं डॉक्टरचं पत्र जोड, 'शुद्धीवर आहे, समजून बोलतो' एवढं. आणि फुकटच हवं असेल तर बुलढाण्याला जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. बाई असेल, अनुसूचित जाती-जमातीचा माणूस असेल किंवा उत्पन्न मर्यादेत असेल, तर खराखुरा वकील मिळतो. फोन उलट प्रश्न विचारत नाही, वकील विचारतो.

कागद कुठे आहे हे दोघांना तरी माहीत हवं. माणूस गेल्यावर तो घेऊन तलाठ्याकडे, आता ज्याला ग्राम महसूल अधिकारी म्हणतात त्याच्याकडे, फेरफाराला जायचं. नोटीस निघते, पंधरा दिवस हरकतीला असतात. लोक हेच करत नाहीत. म्हणून तर २०२५ च्या मार्चमध्ये आपल्या जिल्ह्यात तेराही तालुक्यांत 'जिवंत सातबारा' मोहीम घ्यावी लागली, मेलेल्यांची नावं काढून वारसांची लावायला. पुढच्या महिन्यात ती राज्यभर गेली. आपल्या जिल्ह्याचा मान की कुचेष्टा, तू ठरव.

आता माझं. मी हातानं लिहिलंय, सव्वादोन पानं. १९९८ साली, आमचे वडील गेल्यावर, तुझ्या आईनं हक्कसोड लिहून दिलं. मसुदा माझाच. बापाच्या हिश्श्यात तिचा वाटा १९५६ च्या कायद्यानं तेव्हाही होता, हे मला त्या आवारात सगळ्यांहून जास्त ठाऊक होतं. तिनं वाचलंही नाही. "दादा, कुठं करू सही?" एवढंच विचारलं. मी साडी-चोळी केली.

ओढ्याकाठचं वावर मी तिच्या नावे लिहिलंय. विहिरीच्या पाण्यासकट, आठवड्यातून दोन दिवसांची पाळी. म्हणून तू साक्षीला नको. कागद लोखंडी पेटीत आहे, किल्ली मामीजवळ. तुझ्या आईला आताच काही बोलू नकोस, ती आत पोळ्या लाटतेय.