सपोर्ट गाडी पुढे निघून जाते तेव्हा

सपोर्ट गाडी शेवटच्या सायकलीच्या मागे चालते, पुढे नाही. पैसे भरण्याआधी हे एक वाक्य आयोजकाकडून लेखी घ्या. मेसेजवर घेतलंत तरी चालेल, पण घ्या. किन्नौरमार्गे स्पितीत सायकलने जायचं म्हणणाऱ्या ओळखीतल्या प्रत्येकाला मी आधी हे सांगते आणि मग नाकोच्या उतारावर काय झालं तेही सांगते. कारण त्या दिवसाबद्दल भलतंच पसरवलं गेलं आहे. म्हणे, 'ताईंची तयारी कमी पडली.' वर्षानुवर्षं ताम्हिणी, वरंध, माळशेज सायकलवर चढउतार करणाऱ्या बाईबद्दल हे बोललं गेलं, आणि बोलणारा माणूस तेव्हा तिथे हजरही नव्हता.

आमच्या आयोजकाने पुण्यातल्या बैठकीत सगळ्यांना सांगितलं होतं की, सिंहगड दोनदा विनाथांबा चढलात की स्पिती जमलीच. चढाच्या आकड्यांपुरतं ते फार चूक नाही. खाबला सतलज आणि स्पितीचा संगम आहे, तिथला पूल ओलांडून 'का' नावाच्या गावची वळणं चढत नाकोला पोचेपर्यंत हजार मीटरहून जास्त चढ होतो. पण नाको साडेतीन हजार मीटरच्या वर आहे आणि तिथे छातीत जाणारा प्राणवायू आपल्या किनाऱ्यावरच्या मानाने जेमतेम दोन तृतीयांश. शिवाय सिंहगडाच्या रस्त्यावर आपण दिवसचे दिवस कड्याखालून जात नाही. इथे जातो. चौऱ्याला किन्नौरची हद्द लागते, तिथून रस्ता उभ्या कातळात कोरलेला आहे. काही ठिकाणी तर डोक्यावर खडकाचं छतच येतं, आणि खाली सतलज इतकी खोल की तिचा आवाज येतो पण पाणी दिसत नाही. तरंडा ढांकच्या मंदिरापाशी ट्रकवाले, बसवाले सगळे थांबून हात जोडतात. ऑगस्ट 2021 मध्ये निगुलसरीजवळ याच रस्त्यावर दरड बसवर आली आणि 28 माणसं गेली. हे वाचून घाबरू नका, पण हा रस्ता सहलीचा म्हणून विकणाऱ्या माणसाला चार प्रश्न जरूर विचारा.

सायकली आयोजकाच्या होत्या, भाडं शुल्कातच धरलेलं. नारकंडा जवळपास 2,700 मीटरवर आणि रामपूर हजाराच्या आसपास. तो लांबलचक उतार उतरल्यावर माझ्या मागच्या ब्रेकचा आवाज बदलला. मी त्याच संध्याकाळी सांगितलं. उत्तर आलं, "ताई, डिस्क ब्रेक आहे, थोडं वाजणारच." रेकाँग पिओला मी पुन्हा सांगितलं, कारण लिव्हर आता हँडलला टेकायला लागला होता. सोबतच्या मेकॅनिक पोराने केबल आवळली, लिव्हर टणक झाला आणि तो म्हणाला, "झालं काम." पॅड काढून बघ म्हटलं, तर आयोजकाने लांबूनच हात हलवला, "वेळ नाही, उद्या बघू." तो उद्या कधी उजाडला नाही.

ही गोष्ट नीट समजून घ्या, कारण दुकानातही ती कुणी सांगत नाही. केबलच्या डिस्क ब्रेकमध्ये पॅड झिजले की लिव्हर सैल लागतो. केबल आवळली की तो पुन्हा टणक लागतो, पण झिजलेलं अस्तर काही परत येत नाही. टणक लिव्हर म्हणजे चांगला ब्रेक नव्हे. चाक काढा, कॅलिपरमध्ये टॉर्च मारा आणि पत्र्यावर अस्तर किती उरलंय ते डोळ्यांनी बघा. मिलिमीटरभर दिसत नसेल तर तिथेच पॅड बदला, उद्यावर टाकू नका. ओल्या धुळीत, बारीक खडीत पॅड झपाट्याने जातात आणि किन्नौरच्या रस्त्यावर दुसरं काही नसतंच.

नाकोहून निघालो त्या दिवशी सपोर्ट गाडी सकाळीच पुढे गेली. ताबोला खोल्या धरायच्या होत्या म्हणून. खोल्या आधीच ठरलेल्या असतात असं शुल्काच्या कागदावर लिहिलं होतं, पण ते असो. जादा पॅड, हत्यारं, औषधं, सगळं त्या गाडीत. मागे मी आणि आमच्यातले एक निवृत्त बँक अधिकारी, ज्यांना सगळे काका म्हणायचे. नाकोहून चांगोकडे उतरताना नदी डाव्या हाताला असते, म्हणजे आपली बाजू दरीची. कठडे बऱ्याच ठिकाणी नाहीत. मलिंग नाल्याच्या अलीकडे मागच्या चाकातून एकदम धातूवर धातू घासल्याचा आवाज आला. आधीची ती शीळ नव्हती. करकर, जबड्यात जाणवणारी. लिव्हर तसाच टणक होता आणि सायकल थांबत नव्हती. त्या क्षणी डोक्यात लख्ख प्रकाश पडला. आपल्याला रामपूरपासून जे ऐकू येत होतं ते खरं होतं आणि ते बघायला कुणालाही वेळ नव्हता. पुढचा ब्रेक जोरात दाबावा तर खडीवर चाक सरकतं. उजवीकडे, डोंगराच्या बाजूला, रस्त्याच्या कामासाठी खडीचा ढीग टाकलेला होता. मी त्यात चाक घातलं आणि थांबले. सरळ राहिले असते तर पुढच्या वळणावर ढीग नव्हता, काहीच नव्हतं.

काका पोचेपर्यंत माझे हात थरथरत होते. थांबायची सोयही नव्हती, वरून बारीक दगड सुटत होते. तिथे काम करणाऱ्या मजुरांनी आम्हाला शिट्टी मारून हाक दिली, "इधर मत रुको, जल्दी निकलो." त्यांच्यातला एक जण नजर वर लावून उभा राहिला आणि त्याने हात केल्यावर आम्ही सायकली ढकलत नाला ओलांडला. पलीकडे त्यांनी चहा दिला, चांगोकडे जाणारी पिकअप हात करून थांबवली. झारखंडची माणसं, घरापासून इतक्या लांब, आमच्याकडून एक पैसा घेतला नाही. मोठाल्या शुल्कात जे नव्हतं ते या माणसांनी फुकट दिलं.

चांगोला दुकानातून फोन लागला. आयोजक म्हणाला, "ताई, टेन्शन घेऊ नका, हळूहळू या, उजेड आहे अजून." ब्रेक गेलाय म्हटल्यावर म्हणाला, "पुढच्यावर या." मी आले नाही. दुसरी पिकअप करून, भाडं स्वतः भरून, काकांना घेऊन ताबोला गेले. तिथे मंडळी जेवत होती. तो उठलासुद्धा नाही. काकांनी सगळ्यांसमोर मागचं चाक काढलं, पॅड उपसले आणि ताटाशेजारी ठेवले. अस्तराचा कणही नव्हता, नुसता पत्रा, तोही घासून आरशासारखा चकाकणारा. रोटरवर नख अडकेल असे चरे. मेकॅनिक पोराने मान खाली घातली. आयोजक म्हणाला, "तुम्ही सतत ब्रेक धरून उतरता, म्हणून."

पहाडी उतारावर ब्रेक धरून ठेवायचा नसतो हे मला ठाऊक आहे. वळणाआधी जोरात मारायचा, सोडायचा, रोटरला थंड व्हायला वाव द्यायचा, पुढचा-मागचा आलटून पालटून वापरायचा. मी तसंच उतरते. पण नारकंड्याला सायकल हातात आली तेव्हाच पॅडवर किती अस्तर होतं, हा प्रश्न मी विचारला त्याचं उत्तर मला आजही मिळालेलं नाही. पैसे परत मागितले तर 'साहसी उपक्रमात जोखीम सहभागींची' ही ओळ दाखवली. दरड ही जोखीम आहे, मान्य. झिजलेला पॅड ही जोखीम नव्हे, तो हलगर्जीपणा आहे.

म्हणून सांगते, पॅडच्या दोन जोड्या, ऍलन की, जादा ट्यूब आणि डिरेलर हँगर गाडीत नव्हे, तुमच्या सायकलवरच्या पिशवीत हवेत. हँगर तुमच्याच सायकलच्या मापाचा घ्या, दुसरा बसत नाही. भाड्याची सायकल असेल तर निघायच्या आदल्या दिवशी दोन्ही चाकं काढून दाखवायला सांगा. टाळाटाळ झाली तर सायकल बदलून घ्या. शिट्टी गळ्यात ठेवा, दरीत हाक पोचत नाही. नाले सकाळीच ओलांडा. दुपारी वरचा बर्फ वितळतो, पाणी वाढतं, वारा सुटतो आणि दगड सुटायला लागतात. दगड पडणाऱ्या जागी फोटोला थांबू नका, कुणी कितीही म्हटलं तरी. मनालीकडून एकदम वर जाण्यापेक्षा किन्नौरकडून चढा. कल्पा, नाको असे मुक्काम केले की शरीर सरावतं. डोकं ठणकायला लागलं, उलटी झाली तर वर जायचं नाही, खाली उतरायचं. औषधं डॉक्टरांना विचारून घ्या. पाणी भरपूर प्या. विमा घेताना किती उंचीपर्यंत चालतो ते बारीक अक्षरांत वाचा. रोख पैसे जवळ ठेवा, पिकअपवाल्याला तेच लागतात. दरीत लांबलांब पट्टे फोनला रेंज नसते, म्हणून ड्रायव्हरशी रोज सकाळी ठरवा, कुठल्या गावात तो तुमची वाट बघणार आणि किती वाजेपर्यंत तुम्ही आला नाहीत तर मागे फिरणार. हे ठरवायला जो आयोजक नाही म्हणेल त्याच्यासोबत जाऊ नका. आणि सगळं शुल्क आगाऊ भरू नका. निम्मं मोहीम संपल्यावर द्यायचं कबूल करणारे आयोजकही आहेत, मी आता त्यांच्याकडेच जाते.

आमच्या त्या आयोजकाची या वर्षीच्या तारखांची जाहिरात आली आहे. 'पूर्ण सपोर्ट' असं मोठ्या अक्षरांत, आणि खाली नाकोच्या चढावरचा माझा फोटो, मला न विचारता घेतलेला. काढून टाका म्हणून लेखी कळवलं आहे. अजून काढलेला नाही.