मुक्त सॉफ्टवेअरची देखभाल : एक अभ्यास



गावची विहीर एकदा खणली म्हणजे काम संपले, असे कधी होत नाही. उन्हाळ्यात गाळ काढावा लागतो, ढासळलेला दगड पुन्हा बसवावा लागतो, कठडा बघावा लागतो. विहीर कोणी खणली हे लोकांच्या लक्षात राहते. गाळ कोणी काढला हे राहत नाही. पाणी मात्र गाळ काढणाऱ्यांमुळेच पिण्याजोगे राहते. संगणकाच्या जगातही अशा सार्वजनिक विहिरी आहेत. त्यांची देखभाल कोण करते, ती कशी चालते आणि तिच्यात आपला वाटा काय असू शकतो, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. नवलाख उंबरे आणि तळेगाव परिसरात औद्योगिक वसाहत वाढली, तशी आपली मुले आय.टी.आय., डिप्लोमा आणि अभियांत्रिकीकडे वळली. त्यांच्यासाठी हा विषय विशेष महत्त्वाचा आहे.

१) मुक्त सॉफ्टवेअर म्हणजे काय?

संगणकाला दिलेल्या सूचनांचा मूळ मजकूर म्हणजे सोर्स कोड. बहुतेक कंपन्या तो कुलपात ठेवतात. मुक्त सॉफ्टवेअरमध्ये तो सर्वांना खुला असतो. ते वापरावे, अभ्यासावे, सुधारावे आणि दुसऱ्यास द्यावे, असे चार हक्क प्रत्येकास मिळतात. १९८३ मध्ये अमेरिकेतील रिचर्ड स्टॉलमन यांनी या हेतूने ग्नू प्रकल्प जाहीर केला. १९९१ मध्ये फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्स या प्रणालीचा गाभा लोकांपुढे ठेवला. आज जगातील असंख्य सर्व्हर लिनक्सवर चालतात आणि आपल्या हातातील अँड्रॉइड मोबाइलचा गाभाही लिनक्सच आहे.

२) पॅकेज आणि ते सांभाळणारा

मूळ मजकूर जसाच्या तसा सामान्य माणसाच्या उपयोगी पडत नाही. तो तपासून, तयार करून, इतर सॉफ्टवेअरशी जुळवून एका गाठोड्यात बांधावा लागतो. या गाठोड्यास पॅकेज म्हणतात.

हे काम समजून घेण्यासाठी डेबियनचे उदाहरण उत्तम. १९९३ च्या ऑगस्टमध्ये इयन मर्डॉक या अमेरिकन विद्यार्थ्याने हा प्रकल्प सुरू केला. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या त्याच्या तेराव्या आवृत्तीत ६९ हजारांहून अधिक पॅकेजेस आहेत. काही जणांना त्यांच्या कंपन्या अशा कामासाठी वेळ देतात. परंतु डेबियन हा प्रकल्प स्वयंसेवकांचा आहे. प्रत्येक पॅकेजला सांभाळणारी व्यक्ती किंवा गट असतो. मूळ लेखकाकडून नवीन आवृत्ती आली की ती तपासणे, लोकांनी कळविलेले दोष पाहणे, सुरक्षेची त्रुटी आढळल्यास तातडीने दुरुस्ती पाठविणे, ही त्यांची कामे होत.

यातील दोन गोष्टी लक्षात घेण्यासारख्या आहेत. पहिली, दोषांची यादी सर्वांना पाहता येते. आपल्या अडचणी लपविणार नाही, असे वचन डेबियनने १९९७ च्या आपल्या सामाजिक करारात दिलेले आहे. दुसरी, एखाद्यास पुढे काम जमत नसेल तर तो तसे जाहीर करतो. त्या पॅकेजला मग 'अनाथ' म्हणतात आणि दुसरा कोणी ते 'दत्तक' घेतो. जबाबदारी सोडणे ही येथे नामुष्की मानली जात नाही. न सांगता सोडून जाणे मात्र सर्वांना महाग पडते.

३) आपल्या लिपीचे उदाहरण : लोहित

हे सर्व परदेशातच घडते असे समजू नये. लोहित हा भारतीय लिप्यांचा टंकसमूह पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेक या कंपनीने पुरविला आणि रेड हॅट कंपनीने तो मुक्त परवान्याखाली लोकांना दिला. २०११ मध्ये त्यास खास टंकांसाठी असलेला मुक्त परवाना लागू झाला. पुढे ज्या ठिकाणी त्याचे काम चालत होते ती फेडोराची जागा २०१७ मध्ये बंद झाली, तेव्हा सर्व काम नव्या जागी हलवावे लागले. डेबियनमध्ये लोहितची पॅकेजेस टंकांसाठी काम करणारा गट सांभाळतो.

टंक एकदा केला की झाले, त्याला देखभाल कशास हवी, असे कोणी विचारील. 'दर्या' आणि 'दऱ्या' हे शब्द पाहा. पहिला समुद्र, दुसऱ्या आपल्या मावळातल्या. 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' यांतही असाच फरक आहे. मराठीचा हा ऱ्य नीट उमटण्यासाठी टंकामध्ये वेगळा नियम असावा लागतो. मराठी वळणाचे ल आणि श हेही हिंदीत रूढ असलेल्या वळणाहून वेगळे आहेत. प्रणाली बदलते, अक्षरे जुळविणारे सॉफ्टवेअर बदलते, आणि काल बरोबर दिसणारे अक्षर उद्या बिघडू शकते. हा बिघाड परदेशातील निष्णात प्रोग्रामरच्या डोळ्यांस दिसणार नाही. रोज मराठी वाचणाऱ्या शाळकरी मुलीस तो दिसेल. यास्तव आपल्या भाषेच्या देखभालीत आपली गरज आहे, आणि ती दुसरा कोणी भागवू शकत नाही.

४) एकट्याच्या खांद्यावरील भार

ही व्यवस्था निर्दोष आहे असे नाही. ओपनएसएसएल हे सॉफ्टवेअर इंटरनेटवरील गुप्त व्यवहार सुरक्षित ठेवते. एप्रिल २०१४ मध्ये त्यातील 'हार्टब्लीड' हा दोष उघडकीस आला. तो सुमारे दोन वर्षे तसाच राहिला होता. तेव्हा कळले की ज्यावर जगभरच्या बँका व दुकाने विसंबून होती, त्याचे पूर्णवेळ काम करणारा एकच माणूस होता आणि वर्षाच्या देणग्या सुमारे दोन हजार डॉलर होत्या. त्यानंतर मोठ्या कंपन्यांनी निधी उभा केला.

२०२४ ची घटना अधिक बोलकी आहे. फाइली दाबून लहान करणारे एक्सझेड युटिल्स हे सॉफ्टवेअर फिनलंडमधील लासे कोलिन अनेक वर्षे विनावेतन सांभाळीत होते. त्यांची प्रकृती ठीक नसता काम लवकर करा असा तगादा त्यांच्यामागे लागला. अशा वेळी जिया टॅन या नावाने एकाने मदत देऊ केली, दोन वर्षांहून अधिक काळ विश्वास संपादन केला आणि शेवटी सॉफ्टवेअरमध्ये चोरवाट घातली. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्यास, दूरच्या संगणकात प्रवेश घेताना नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो असे दिसले. त्याने शोध घेतला आणि २९ मार्च २०२४ रोजी सर्वांना सावध केले. चोरवाट घातलेल्या आवृत्त्या तोपर्यंत डेबियनच्या चाचणीच्या शाखांत पोहोचल्या होत्या. स्थिर आवृत्तीत मात्र आल्या नव्हत्या.

यातून काय शिकावयाचे? मदतीचे दार बंद करणे हे उत्तर नव्हे. ज्या कामावर पुष्कळांचा भार आहे ते एकाच्या खांद्यावर टाकून त्यालाच घाई करणे, हे खरे दुखणे आहे. भातलावणीस सावड घालताना आपण एकाच घराला सर्व शेते लावावयास सांगत नाही. तसेच, मूळ मजकूर खुला होता म्हणूनच फ्रॉइंड यांना मुळापर्यंत जाता आले. परंतु खुले असणे पुरेसे नाही. कोणीतरी प्रत्यक्ष पाहावे लागते.

५) आपण काय करू शकतो?

यासाठी मोठी पदवी किंवा महागडा संगणक लागत नाही. जुन्या संगणकावर लिनक्स बसवून वापरावयास लागणे ही पहिली पायरी. दोष आढळल्यास तो नीट कळविणे ही दुसरी : काय केले, काय व्हावयास हवे होते, काय झाले, आवृत्ती कोणती. 'चालत नाही' एवढेच लिहिल्याने कोणाचेच काम होत नाही. मराठी भाषांतर तपासणे ही तिसरी. सी किंवा पायथॉन शिकलेल्या विद्यार्थ्याने लहानसे अनाथ पॅकेज निवडून अनुभवी सदस्याच्या देखरेखीखाली काम सुरू करावे. अशा कामाची नोंद नावानिशी जगापुढे राहते. ज्यांच्या घरी शिफारस करणारा कोणी नाही, त्यांच्यासाठी ही नोंद हेच शिफारसपत्र ठरू शकते. तिथे आडनाव विचारले जात नाही, काम पाहिले जाते.

मात्र घेतलेले काम निभवावे आणि जमत नसल्यास वेळीच सांगावे. आठवड्याचे दोन तास नियमाने देणारा, एका रात्रीत पराक्रम करणाऱ्यापेक्षा अधिक उपयोगी असतो.

अभ्यासासाठी प्रश्न

१. मुक्त सॉफ्टवेअरचे चार हक्क कोणते?
२. 'अनाथ' पॅकेज म्हणजे काय? ते तसे जाहीर करण्याचा फायदा कोणता?
३. एक्सझेड प्रकरणात चूक विश्वासाची की एकटेपणाची? कारणे द्या.
४. आपल्या मंडळातील कोणते काम एकाच व्यक्तीवर अवलंबून आहे? त्यास दुसरा हात कसा देता येईल?
५. तीन वेगवेगळ्या संगणकांवर किंवा मोबाइलवर 'दर्या' व 'दऱ्या' लिहून पाहा. फरक दिसल्यास तो वरील पद्धतीने चार ओळींत लिहून काढा.