एक पडदा, अनेक तारा : उपासनेतील प्रोजेक्टरविषयी एक अभ्यास

अभ्यासाचा शास्त्रभाग : नहेम्या ८:१-८, १ करिंथ १४:६-९, ४०

बाबेलच्या बंदिवासातून परतलेले लोक यरुशलेमेत पाणीवेशीसमोरच्या चौकात एकत्र जमले आणि त्यांनी एज्राला नियमशास्त्राचा ग्रंथ आणावयास सांगितले. त्या प्रसंगाची व्यवस्था आपण बारकाईने पाहावी. खास त्या कामासाठी लाकडी मंच बांधलेला होता (वचन ४). एज्राने ग्रंथ उघडला तो सर्व लोकांच्या दृष्टीसमोर, कारण तो सर्वांहून उंच जागी उभा होता (वचन ५). लोकांना समजावून देण्यासाठी तेरा जणांची नावे नमूद आहेत व त्यांच्याबरोबर लेवीही होते (वचन ७). सुतारकाम, उंची, दृष्टी, आवाज आणि माणसे या सर्वांची योजना एकाच हेतूने झाली होती : वाचलेले लोकांना समजावे.

वचन ८ मधील ‘मेफोराश’ हा इब्री शब्द भाषांतरकाराला थांबावयास लावतो. त्याचा अर्थ ‘स्पष्टपणे’ असा घेता येतो, ‘भाग पाडून’ असा घेता येतो आणि ‘भाषांतर करून’ असाही घेता येतो. आज अनेक मंडळ्यांच्या उपासनामंदिरांत प्रोजेक्टर व पडदा आला आहे. त्याच्या उपयोगाची परीक्षा करावयास हे तिन्ही अर्थ उपयोगी पडतात.

१. स्पष्टपणे

उपासनेत पडद्यावर येणारे चित्र बहुधा एकाच ठिकाणाहून येत नाही. गीते व शास्त्रपाठ एका संगणकावर असतात, पाळकांचा संदेश त्यांच्या लॅपटॉपवर, संडेस्कूलची चित्रफीत कोणाच्या तरी मोबाइलवर, आणि मागे बसलेल्यांना बाप्तिस्म्याचा विधी दिसावा म्हणून एक कॅमेरा. हे सर्व एका प्रोजेक्टरला जोडावयाचे असते. ऐन उपासनेत एक तार काढून दुसरी खोचण्याची पद्धत सोडून द्यावी. त्यात खोबणी सैल होते आणि मंडळीचे लक्ष प्रार्थनेवरून तारेकडे जाते.

यासाठी ‘स्विचर’ घ्यावा. दुकानात मागताना नावांचा घोटाळा होतो, म्हणून भेद ध्यानात ठेवावा. स्विचरमध्ये अनेक तारा आत येतात व एक बाहेर जाते. ‘स्प्लिटर’मध्ये एक आत येते व अनेक बाहेर जातात, दोन पडदे असतील तर तो लागतो. ‘मॅट्रिक्स’मध्ये दोन्ही बाजूंना अनेक तारा असतात, लहान मंडळीला त्याची गरज सहसा पडत नाही.

साध्या स्विचरचे बटण दाबले की संगणक व प्रोजेक्टर यांची ओळख नव्याने होते आणि काही क्षण पडदा काळा राहतो. ज्या स्विचरमध्ये ‘स्केलर’ असतो तो सर्व चित्रे एकाच मापात आणून पुढे पाठवतो, म्हणून बदल न अडखळता होतो. तो महाग असतो. तो परवडत नसेल तर संगणक, लॅपटॉप व कॅमेरा यांचे माप १९२०×१०८० असे एकच ठेवावे, आणि बटण प्रार्थनेच्या मध्यात न दाबता गीत संपून लोक खाली बसताना दाबावे.

तारेची लांबी आधी मोजावी. एचडीएमआयची साधी तांब्याची तार सुमारे १० मीटरपर्यंत भरवशाची असते. प्रोजेक्टर छताला आणि संगणक मागच्या कोपऱ्यात असेल तर तार भिंतीवरून फिरून २५ मीटर सहज होते. अशा वेळी प्रकाशतंतूची एचडीएमआय तार घ्यावी. तिला दिशा असते, उलटी लावल्यास चित्र येत नाही. किंवा नेटवर्कच्या तारेवरून चित्र नेणारी जोडयंत्रे घ्यावीत. ती प्रतीप्रमाणे ५० ते १०० मीटर पोहोचतात. जुन्या संगणकाची व्हीजीए तार आवाज नेत नाही. ती एचडीएमआयला जोडण्यास रूपांतरक लागतो, आणि तो रूपांतरक त्याच दिशेचा असावा लागतो. ध्वनिक्षेपकातून घुमल्यासारखा आवाज येत असेल तर संगणक, स्विचर व ध्वनियंत्रणा एकाच विद्युतफलकावरून, योग्य अर्थिंगसह चालवून पाहावी. अर्थिंगचा खिळा कापून टाकण्याचा उपाय जिवावर बेतू शकतो.

संगणकावर पडद्याची मांडणी ‘विस्तारित’ ठेवावी. तसे केले म्हणजे चालकाची तयारी त्याच्यापुढेच राहते आणि मंडळीला केवळ सिद्ध पान दिसते.

२. भाग पाडून

वचन कोठे तोडावे हे पडदा चालवणाऱ्याच्या हाती येते, आणि ही जबाबदारी मोठी आहे. मराठी वाक्यात क्रियापद शेवटी येते, नकारही बहुधा शेवटीच येतो. ‘नाही’ हा शब्द पुढच्या पानावर गेला तर आधीचे पान उलटा अर्थ सांगते. म्हणून पानावर चार ते सहा ओळी ठेवाव्यात आणि अर्थाचा घटक पुरा होईल तेथेच तोडावे. शास्त्रपाठाचा संदर्भ प्रत्येक पानावर असावा, म्हणजे हातात बायबल असलेल्याला सोबत राहता येते.

अक्षरांचीही निगा राखावी. जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये टंकलेली गीते दुसऱ्या संगणकावर निरर्थक चिन्हे होऊन उमटतात; ती युनिकोडमध्ये आणावीत. ‘दुसऱ्या’, ‘तऱ्हा’ यांतील अर्धा र रफार होऊन बसला आहे का, हे आदल्या दिवशी पडद्यावर पाहावे. शनिवारी सायंकाळी शेवटच्या बाकावर बसून एखाद्या वृद्ध सभासदाने सर्व पाने वाचून पाहावीत. त्याला जे वाचता येत नाही ते बदलावे.

३. भाषांतर करून

झाशीचे उदाहरण घेऊ. नेवाळकरांच्या काळापासून मराठी घराणी तेथे वसली. १८५४ साली संस्थान खालसा झाले तरी ती भाषा तेथून गेली नाही. अशा गावी मानिक चौकातल्या बाजारात व्यवहार हिंदीत होतो, मुले हिंदी शाळेत शिकतात आणि घरात आजीशी बोलणे मराठीत होते. असे कुटुंब हिंदी उपासनेला बसले तर आजीसाठी पडद्यावर मराठी वचन देता येते. लिपी एकच असल्याने गोंधळ टाळण्यासाठी मराठी वर व हिंदी खाली, दोन स्पष्ट रंगांत, दोन-दोन ओळींत द्यावी. हिंदी वचनाचे तेथल्या तेथे शब्दशः मराठी करू नये. मंडळीच्या मान्य भाषांतरातील मजकूर जसाच्या तसा घ्यावा, आणि प्रकाशकाची परवानगी आवश्यक असेल तेथे ती मागावी.

परवानगीचा प्रश्न चित्रपटांनाही लागू आहे. विकत घेतलेल्या चित्रफितीत नक्कल रोखणारे बंधन असते. त्यामुळे कधी कधी स्विचरमधून पडदा काळाच दिसतो. ते बंधन तोडण्याच्या युक्त्या शोधण्याऐवजी हक्कदारांना विचारावे. चोरीचे साधन घेऊन साक्ष देता येत नाही.

मर्यादा

पडदा आल्यापासून काही घरांतून बायबल व गीतपुस्तक उपासनेला येईनासे झाले आहे. वीज गेली की अशी मंडळी मुकी होते. शिवाय पडद्यावर एकच वचन दिसते. त्याच्या मागचे व पुढचे दिसत नाही. म्हणून मुख्य शास्त्रपाठ पुस्तकातून वाचला जावा, त्या वेळी पडद्यावर केवळ संदर्भ असावा. ज्यांना अक्षर दिसत नाही वा पुस्तक नाही त्यांच्यासाठी गीते व इतर वचने पडद्यावर यावीत. पौलाने करिंथकरांस वाद्याचा दाखला दिला : सूर वेगळे ओळखता आले नाहीत तर काय वाजते हे कळणार कसे? कॅमेरा, लॅपटॉप व मोबाइल यांना हाच नियम लागू आहे. काय दाखवावे आणि पडदा केव्हा कोरा ठेवावा, याचा निर्णय एका जबाबदार व्यक्तीने पाळकांशी आधी बोलून करावा.

चर्चेसाठी प्रश्न

१. नहेम्या ८ मध्ये लोकांना समजावे म्हणून कोणकोणती साधने व माणसे योजली होती?
२. आपल्या उपासनेत पडद्यामुळे कोणाला वाचता येऊ लागले? कोणाची अडचण झाली?
३. वीज गेल्यास आपली मंडळी पुढचे गीत कशी गाईल?