इतकी वर्षं सोसलेला डाय आताच का बाधला?

प्रश्न : कित्येक वर्षं एकच काळा हेअर डाय लावते. यावेळी दुसऱ्या दिवशी कानामागे खाज सुटली, पापण्या सुजल्या. आता पाकिटातली काळी मेंदी लावू का?

उत्तर : मुळीच नको. संशय आहे तो पीपीडीवर, म्हणजे पॅरा-फेनिलिनडायअमिनवर. या रसायनाची ॲलर्जी पहिल्याच वेळी दिसते असं नाही. वारंवार संपर्क येता येता शरीर त्याला ओळखू लागतं आणि मग एक दिवस बिनसतं. पुरळ उठायला एक-दोन दिवस लागतात, त्यामुळे दोष भलत्याच क्रीमवर जातो. युरोपात केसांवर लावताना पीपीडी 2 टक्क्यांपर्यंतच चालतं; पण एकदा ॲलर्जी जडली की त्याहून कितीतरी कमी मात्राही पुरते.

खरी मेंदी लालसर-केशरी रंगते. झटपट काळी करणाऱ्या मेंदीत बहुधा हेच पीपीडी असतं. ‘अमोनिया-फ्री’ वाचूनही हुरळू नका, अमोनियाचा इथे संबंधच नाही.

त्वचारोगतज्ज्ञांकडून पॅच टेस्ट करून घ्या. पाठीवरच्या पट्ट्या 48 तासांनी काढतात, नंतर पुन्हा तपासतात. तोवर कुठलाही डाय नको. आणि जुनं पाकीट फेकू नका, तपासणीला सोबत न्या.